कुलाबा आणि सांताक्रूझचा पाऊस: क्वांटाइल आलेख कसा काढायचा आणि कसा वाचायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईच्या कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचा १९७१ ते २०२० या पन्नास पावसाळ्यांतला रोजचा पाऊस तुमच्याकडे आहे, जून ते सप्टेंबर. हिस्टोग्राम एकावर एक ठेवून पाहिले, काही बोध झाला नाही. दोन वितरणं सारखी आहेत का हे तपासणारी कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी लावली, पी-मूल्य (वितरणं सारखी असती तर इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) अगदी लहान आलं. मग कुणीतरी क्वांटाइल-क्वांटाइल आलेख सुचवला. तो तुम्ही एकदा आर या सांख्यिकी भाषेत आणि एकदा पायथनमध्ये काढला, तर दोन्हींत वरचे ठिपके वेगळ्या जागी आणि रेषाही वेगळी. आता यातला बरोबर कोणता, आणि दोन्हीकडच्या पावसाचं वितरण सारखं म्हणायचं की नाही, हे तुम्हाला नाल्यांच्या कामासाठी हवं आहे.

आधी दुसऱ्या भागाबद्दल. वितरण सारखं नाही, हे चाचणी न लावताही सांगता आलं असतं. दोन केंद्रांमध्ये वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर आहे. एक शहराच्या दक्षिण टोकाला समुद्रालगत, दुसरं उपनगरात विमानतळापाशी. पावसाळ्याचे दिवस १२२, म्हणजे पन्नास वर्षांत ६,१०० नोंदी. इतक्या नोंदी असल्या की चिमूटभर फरकालाही पी-मूल्य लहान येतं. शिवाय ती चाचणी दोन नमुने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालते. इथे तर एकाच ढगाखालचे दोन पर्जन्यमापक आहेत, तेव्हा ते पी-मूल्य बाजूलाच ठेवा. खरा प्रश्न असा विचारायला हवा की फरक कोणत्या भागात आहे, रिमझिम दिवसांत, मध्यम पावसात की अतिवृष्टीत, आणि तो किती मिलिमीटरचा आहे. चाचणीकडून हे कळत नाही. ती दोन संचयी वक्रांमधलं (अमुक मिलिमीटरच्या आत किती टक्के दिवस, हे दाखवणाऱ्या वक्रांमधलं) सर्वांत मोठं उभं अंतर मोजते आणि ते बहुतेक वेळा मधल्या भागातच सापडतं. शेपटीत, म्हणजे अतिवृष्टीच्या टोकाला, दोन्ही वक्र १०० टक्क्यांना टेकत आलेले असतात. तिथे पावसाचा फरक शेकडो मिलिमीटरचा असला तरी वक्रांमधलं उभं अंतर नगण्यच राहतं. तुमच्यासारख्या कामात जीव जातो तो शेपटीतल्या फरकाने, म्हणून क्वांटाइल आलेख काढण्याचा सल्ला योग्यच होता.

आता ठिपका म्हणजे काय ते एकदा पक्कं करू, कारण निम्मे घोटाळे इथून सुरू होतात. वाणिज्य शाखेला चतुर्थक, दशमक, शतमक शिकवतात, तेच हे. फक्त चार, दहा किंवा शंभर भाग न करता हवे तितके भाग करायचे. कुलाब्याला पावसाळ्यातले ९० टक्के दिवस ज्या आकड्याच्या आत संपतात तो आडव्या अक्षावर घ्यायचा, सांताक्रूझचा तसाच आकडा उभ्या अक्षावर, आणि तिथे ठिपका द्यायचा. मग ९१ टक्के, ९२ टक्के, असं पुढे. यात तारखेचा कुठेही संबंध येत नाही.

तुमच्याच आकड्यांत याचं इतकं चांगलं उदाहरण आहे की दुसरं शोधायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मिमी पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिमी. तारखेला तारीख लावून साधा विखुरलेला आलेख काढलात, तर हा दिवस ७४ आणि ९४४ या जागी, सगळ्या गर्दीपासून दूर, डाव्या बाजूला उंचावर एकटा पडेल. क्वांटाइल आलेखात तसं होत नाही. तिथे सांताक्रूझचा सर्वांत मोठा आकडा कुलाब्याच्या सर्वांत मोठ्या आकड्याशी जोडला जातो. कुलाब्याचा विक्रम आहे ५ जुलै १९७४ चा, ५७५.६ मिमी. म्हणजे उजवीकडचा सर्वांत वरचा ठिपका ५७५.६ आणि ९४४.२ या जागी पडायला हवा. त्यातले दोन आकडे एकतीस वर्षांच्या अंतराने पडलेल्या दोन वेगळ्या पावसांचे आहेत. एका ठिकाणी पडतो तेव्हा दुसऱ्या ठिकाणी किती पडतो, हे तुम्हाला हवं असेल, तर क्वांटाइल आलेख त्याचं उत्तर देऊ शकत नाही, मग तो कितीही सरळ येवो.

आता दोन आलेख वेगळे का आले ते बघू. तुमचा कोड समोर नसला तरी कारणं ठरलेली असतात.

पहिलं, रेषा. आरमध्ये क्यूक्यूप्लॉट काढला की हात सवयीने क्यूक्यूलाइन या रेषा काढणाऱ्या फंक्शनकडे जातो. पण क्यूक्यूलाइन काही सांगितलं नाही तर प्रसामान्य (नॉर्मल, घंटेच्या आकाराच्या) वितरणाशी तुलना चालली आहे असं धरते. म्हणजे तुमच्या एका केंद्राचे पहिले आणि तिसरे चतुर्थक घेऊन ती त्यांची जोडी प्रसामान्य वितरणाच्या उणे ०.६७ आणि अधिक ०.६७ या चतुर्थकांशी लावते. तुमच्या आडव्या अक्षावर मात्र ५०० मिमीच्याही पुढे आकडे आहेत. डाव्या कडेला चिकटून जवळजवळ उभी चढणारी रेषा दिसली असेल, तर ती हीच. दोन नमुन्यांच्या तुलनेत तिला काही अर्थ नाही. तिथे शून्यातून जाणारी, उतार एक असलेली रेषा हवी. आरमध्ये एबीलाइनला शून्य आणि एक द्या. पायथनमध्ये स्टॅट्समॉडेल्स ही लायब्ररी वापरत असाल तर रेषेच्या पर्यायात ४५ अंशांची रेषा मागा. त्या पर्यायांत ठिपक्यांमधून बसवलेली प्रतिगमन रेषाही मिळते, ती टाळा. ठिपक्यांवरूनच बसवलेली रेषा ठिपक्यांच्या जवळून जाणारच, आणि सांताक्रूझला सरसकट जास्त पाऊस पडतो ही मुख्य गोष्टच तिच्यामागे झाकली जाते. दोन्ही अक्षांची मर्यादाही सारखी ठेवा आणि आलेख चौरस काढा, नाहीतर ४५ अंशांची रेषा डोळ्यांना ४५ अंशांची दिसत नाही.

दुसरं कारण वरच्या ठिपक्यांच्या जागेचं. क्वांटाइल काढायची एकच पद्धत नाही. रॉब हाइंडमन आणि यानान फॅन यांनी १९९६ मध्ये सांख्यिकी पॅकेजांत वापरल्या जाणाऱ्या नऊ पद्धती एकत्र मांडल्या, आणि आरमधल्या क्वांटाइल फंक्शनला आजही त्याच क्रमाने एक ते नऊ प्रकार आहेत. आर आणि नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) दोन्हींत काही न सांगता मिळतो तो सातवा प्रकार, नमपायमध्ये त्याला लिनिअर म्हणतात. वितरणाच्या मधल्या भागात सगळे प्रकार जवळपास सारखंच उत्तर देतात. वरच्या टोकाला मात्र फरक पडतो. प्रत्येक ठिपक्याची संभाव्यता, म्हणजे किती टक्के दिवस त्याच्या आत हे प्रमाण, बहुतेक जण घेतात ती क्रमांकातून अर्धा वजा करून एकूण नोंदींनी भागून. ही संभाव्यता सातव्या प्रकाराला दिलीत, तर सर्वांत मोठा ठिपका सर्वांत मोठ्या नोंदीवर पडत नाही. तो पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या नोंदींच्या साधारण मधोमध पडतो. एरवी हे लक्षातही येत नाही. पण सांताक्रूझच्या यादीत ९४४.२ च्या खालोखालचा आकडा चारशेचीही मजल गाठत नाही, त्यामुळे तुमचा वरचा ठिपका अडीचशेहून अधिक मिलिमीटर खाली घसरतो. आरचं क्यूक्यूप्लॉट क्वांटाइल फंक्शनच्या वाटेला जात नाही. ते दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावतं, लांबी वेगळी असेल तर लांब यादी क्रमांकांनुसार आखडून घेतं, आणि दोन्ही टोकं जशीच्या तशी ठेवतं. तुमच्या दोन आलेखांतला फरक बहुधा हाच आहे. पायथनमध्ये पद्धत म्हणून हेझन सांगा, आरच्या क्वांटाइल फंक्शनमध्ये पाचवा प्रकार घ्या, आणि संभाव्यतांची संख्या लहान यादीच्या लांबीइतकी ठेवा. मग टोकाचे ठिपके जवळपास प्रत्यक्ष नोंदींवर येतील.

तिसरं कारण मला स्वतःला फार महागात पडलेलं आहे. कित्येक वर्षांपूर्वी याच दोन केंद्रांच्या कामात मी पायथनमध्ये दोन्ही याद्या सॉर्ट केल्या आणि झिप या फंक्शनने जोड्या लावल्या. एका केंद्राच्या काही नोंदी गहाळ होत्या, त्यामुळे त्याची यादी चाळीसेक दिवसांनी आखूड होती. झिप लहान यादी संपली की थांबतं, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. याद्या चढत्या क्रमाने लावलेल्या, म्हणजे गळाले ते लांब यादीतले सर्वांत मोठे चाळीस दिवस. आलेख सुबक दिसत होता. त्यावरून मी लिहूनही टाकलं की कुलाब्याची शेपटी लांब आहे आणि सांताक्रूझची आखूड. ज्यांच्या हाताखाली काम करत होतो त्यांनी कागद हातात घेतला, उभ्या अक्षावर बोट ठेवलं आणि विचारलं, "अहो, हा अक्ष तीनशेच्या आत संपतोय. सव्वीस जुलै कुठंय?" मी कागदाकडे बघत राहिलो. निष्कर्ष बरोबर उलटा होता. तेव्हापासून दोन याद्यांची लांबी, दोन्हींचा कमाल आकडा आणि आलेखातला शेवटचा ठिपका छापून एकमेकांशी जुळवल्याशिवाय मी पुढे जात नाही. तीन ओळींचं काम आहे. तुम्हीही करा.

गहाळ नोंदींचं आणखी एक बघा. नमपाय सॉर्ट करताना नॅन (गहाळ नोंदीची खूण) शेवटी ढकलतं आणि क्वांटाइलला सरळ नॅन परत देतं, पांडास ही पायथनची दुसरी लायब्ररी गहाळ नोंदी मुकाट वगळते, आरचं सॉर्ट गाळून टाकतं तर क्वांटाइल चूक दाखवून थांबतं. पण गहाळ नोंद उणे ९९९ अशा आकड्याने भरलेली असेल, तर यांपैकी कुणालाच कळत नाही. किमान आकडा छापा. पाऊस शून्याखाली जात नाही.

आता शून्यांबद्दल. इथे मी एकच उत्तर देऊ शकत नाही, ते तुमच्या कामावर अवलंबून आहे. भर पावसाळ्यातही कोरडे दिवस भरपूर असतात. समजा एका केंद्राचे २० टक्के दिवस कोरडे आणि दुसऱ्याचे २५ टक्के, तर खालच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा ढीग साचतो आणि मग अक्षाला चिकटून एक छोटी रांग दिसते. ती बघून घाबरायचं नाही, तिथे पावसाच्या प्रमाणाची तुलनाच चाललेली नाही. हवामानशास्त्राच्या अंगाने काम असेल तर मी कोरड्या दिवसांचं प्रमाण वेगळं सांगतो आणि आलेख फक्त पावसाळी दिवसांचा काढतो. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिमी किंवा जास्त पावसाचा दिवस तो पावसाळी दिवस. पण यात एक मेख आहे. दोन्हीकडे पावसाळी दिवसांची संख्या वेगळी असेल, तर "वरचे एक टक्का दिवस" म्हणजे एकीकडे वर्षाला जितके दिवस, तितकेच दुसरीकडे उरत नाहीत. पंप, नाले, पाणी तुंबणं यासाठी हवं असेल तर वर्षातून किती वेळा हेच महत्त्वाचं असतं. तेव्हा सगळे दिवस ठेवा, शून्यांसकट, आणि आलेख फक्त मध्यकाच्या (५० टक्क्यांच्या आकड्याच्या) वरचा दाखवा. तुमच्या प्रश्नात नाल्यांचा उल्लेख आहे, म्हणून तुम्ही दुसरी वाट धरावी असं मला वाटतं.

वाचायचं कसं? सगळे ठिपके ४५ अंशांच्या रेषेला समांतर पण वर असतील, तर सांताक्रूझला प्रत्येक पातळीवर ठराविक मिलिमीटर जास्त. शून्याजवळून निघून जास्त उताराची सरळ रेषा दिसली, तर ठराविक पट जास्त. मार्टिन विल्क आणि राम ज्ञानदेशिकन यांनी १९६८ मध्ये ही पद्धत नीट मांडली तेव्हापासून तिचं बळ यातच आहे. नुसतं स्थान किंवा प्रमाण बदललं तर ठिपके सरळच राहतात, आकार बदलला की वाकतात. पावसाच्या बाबतीत फरक सहसा पटीत असतो. म्हणून दोन्ही अक्ष लॉग घेतलेले मला आवडतात. मग "दहा टक्के जास्त" हे सगळीकडे सारख्याच अंतराने समांतर दिसतं, आणि मुख्य म्हणजे ९४४ च्या एका ठिपक्यापायी बाकीचे सहा हजार एका कोपऱ्यात चेंगरत नाहीत. लॉगला शून्य चालत नाही, पण मध्यकाच्या वरचाच भाग घेतला की ती अडचण मिटते.

तरीही डोळा एका बाबतीत फसतो. तिरप्या रेषेपासूनचं अंतर त्याला नीट मापता येत नाही. म्हणून मी आलेख आडवा करतो. आडव्या अक्षावर दोन क्वांटाइलांची सरासरी, उभ्यावर त्यांचा फरक. हा जॉन ट्यूकी यांच्या नावाने ओळखला जाणारा आलेख. पावसासाठी मी फरकाऐवजी गुणोत्तर घेतो. मग "शंभर मिमीपर्यंत गुणोत्तर स्थिर आहे, पुढे ते चढत जातं" असं वाक्य थेट आलेखावरून वाचता येतं. भागीदाराला किंवा अभियंत्याला दाखवायला हाच द्या, त्याला क्वांटाइल म्हणजे काय हेही फारसं समजावत बसावं लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या ठिपक्यांवर किती विश्वास ठेवायचा. पन्नास पावसाळ्यांतला सर्वांत मोठा दिवस म्हणजे पन्नास वर्षांतून एकदा येणारा पाऊस, असं आपण सहज धरतो. हिशेब करून बघा. नोंदी एकमेकांपासून स्वतंत्र मानल्या, तर ६,१०० नोंदींतल्या सर्वांत मोठ्या नोंदीची खरी संचयी संभाव्यता ९५ टक्के खात्रीने दोन मर्यादांमध्ये असते. एक ०.०२५ चं ६,१०० वं मूळ, दुसरी ०.९७५ चं ६,१०० वं मूळ. यांचं वर्षांत रूपांतर केलं की पहिली येते सुमारे साडेतेरा वर्षांतून एकदा आणि दुसरी जवळजवळ दोन हजार वर्षांतून एकदा. म्हणजे ९४४.२ हा आकडा यांच्यामधला कशाचाही प्रतिनिधी असू शकतो, आणि ५७५.६ सुद्धा. अशा दोन डळमळीत आकड्यांच्या जोडीवर शेवटचा ठिपका उभा आहे. तो रेषेपासून कितीही दूर गेला तरी एकट्याच्या जोरावर "सांताक्रूझची शेपटी जड" असं लिहू नका. त्याच्या आधीचे तीस-चाळीस ठिपके हळूहळू त्याच दिशेला वळत असतील, तर मात्र त्याला वजन आहे.

यासाठी पट्टा, म्हणजे ठिपके किती वरखाली होऊ शकतात ते दाखवणाऱ्या मर्यादा, काढा, पण तयार मिळणारा नको. तयार पट्टे नोंदी स्वतंत्र धरतात आणि पाऊस लागला की चार-चार दिवस लागतो, त्यामुळे ते पट्टे खोटे अरुंद असतात. मी करतो ते असं. पन्नास वर्षांतून पन्नास वर्षं चिठ्ठ्या टाकून निवडायची, उचललेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, म्हणजे काही वर्षं दोनदा येतील, काही येणारच नाहीत. वर्ष निवडलं की त्याचे सगळे १२२ दिवस अखंड घ्यायचे, आणि दोन्ही केंद्रांसाठी तीच वर्षं. हे शेवटचं विसरू नका. एकाच चांगल्या किंवा कोरड्या वर्षाचा दोन्ही केंद्रांवर मिळून परिणाम होतो, वेगवेगळी वर्षं निवडलीत तर तो संबंध तुटतो आणि पट्टा विनाकारण रुंद होतो. प्रत्येक फेरीत ठरलेल्या संभाव्यतांवर गुणोत्तर काढून साठवायचं. दोन हजार फेऱ्या झाल्या की प्रत्येक संभाव्यतेपाशी अडीच आणि साडेसत्त्याण्णव टक्क्यांचे आकडे घेऊन पट्टा रंगवायचा. लॅपटॉपवर काही मिनिटांचं काम. हा पट्टा एकेका बिंदूपुरता आहे, संपूर्ण वक्र एकदम त्यात राहील अशी हमी तो देत नाही. आणि अगदी वरच्या चार-पाच ठिपक्यांपाशी तो निरुपयोगी असतो, कारण चिठ्ठ्या कितीही वेळा टाकल्या तरी ९४४.२ पेक्षा मोठा पाऊस त्यातून कधीच निघणार नाही. तिथे मी पट्टा थांबवतो आणि ठिपके पोकळ दाखवतो. त्यापलीकडचं हवं असेल तर अतिमूल्यांची प्रतिमानं लागतात, तो विषय वेगळा.

पन्नास वर्षांत पाऊसच बदलत गेला असेल तर? शक्य आहे. पहिली पंचवीस आणि नंतरची पंचवीस वर्षं वेगळी करून आलेख पुन्हा काढा, दोन्हींत वळण सारखं दिसलं तर एकत्र ठेवायला हरकत नाही.

कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हचं पी-मूल्य अहवालातून काढून टाका. त्याऐवजी तीन-चार संभाव्यतांवर, म्हणजे मध्यक, ९० टक्के, ९९ टक्के अशा जागी, दोन्ही केंद्रांचे मिलिमीटर आणि गुणोत्तराचा पट्टा आकड्यांत द्या. आणि वरच्या पाच-सहा ठिपक्यांजवळ तारखा लिहा, प्रत्येकाला दोन. हवामान विभाग सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतो, त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये ९४४.२ हा आकडा बहुधा २७ जुलैपुढे सापडेल. तो आधी तिथे आहे का बघा आणि मग आलेखाच्या कोपऱ्यात आला आहे का बघा. दोन्ही जागी सापडला की आलेख परत पाठवा, वळणाबद्दल पुढचं बोलू.